काढ्याचं तीर्थ

धोंडोपंत त्या महिन्यात सहाव्यांदा माझ्या ओट्यावर चढले, तेव्हा खल बाजूला सारून मी म्हणालो, "अहो, आता इथंच बिऱ्हाड करा." ते हसले नाहीत. हसायला त्राण कुठं होतं! श्रीमंतांच्या दफ्तरातले वळणदार अक्षराचे कारकून ते, पण बोरू धरताना हात कापत होता. हिवताप. दिवसाआड थंडी भरायची.

मी किराइताचा काढा देत होतो. किराईत पाण्यात उकळायचं, आठवा हिस्सा पाणी उरलं की काढा झाला. सकाळी एक वाटी. सदाशिव पेठेत कितीतरी माणसं त्यानं उठून बसली होती. यांनाच गुण येईना. किराईत वाढवलं, तरी तेच. हा माणूस माझ्या हातून जाणार असं वाटायला लागलं. भीती वाटली, खरं सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी न बोलावताच त्यांच्या घरी गेलो. पूजा आटोपत होती. पंतांच्या पत्नीनं, काशीबाईंनी, काढ्याची वाटी देवापुढं ठेवली, वर तुळशीचं पान घातलं आणि पळीपळीनं साऱ्या घराला वाटली. सासूबाई, दीर, जाऊ, मुलं. किराइताचं तीर्थ! पोरं तोंडं वाकडी करून गिळत होती. पंतांना उरल्या दोन पळ्या.

माझं डोकंच फिरलं. "वहिनी, आजारी कोण आहे?"

त्या खाली बघत म्हणाल्या, "देवापुढं ठेवून घ्या, असं आपणच सांगितलंत. देवापुढचं एकट्यानं कसं घ्यायचं?"

सांगितलं होतं खरं. सगळ्यांनाच सांगायचो, सवयीनं. ते ऐकून घरी काय करतात, हे कधी विचारलंच नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

देवाला नुसतं तुळशीपत्र वाहा, काढा सगळा पंतांचा, असं सांगितलं. मग म्हणालो, "आता मला रोगी समजा. काय, किती, केव्हा, ते तुम्ही मला सांगा." त्या दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा नीट बोलल्या.

पंधरा दिवसांत ताप हटला. ओट्यावरची पंतांची जागा रिकामी दिसायची आणि, हसू नका, मला चुकल्यासारखं व्हायचं. सांगितलं म्हणजे कळलं, असं मी तोवर समजत आलो होतो. पुढं मात्र वदवून घेतल्याशिवाय एकाही रोग्याला ओटा उतरू दिला नाही. लोक मागून मला पंतोजी म्हणायचे. म्हणोत.

आता पंत नाहीत, काशीबाईही नाहीत. फार आठवतात. तोंड वाकडं करणाऱ्यांतली एक पोर पुढं माझीच सून झाली. हल्ली काढा मलाच लागतो. वाटी हातात द्यायच्या आधी ती विचारते, "मामंजी, किती घ्यायचा, सांगा पाहू."

"दोन घोट," मी म्हणतो.

ती वाटी देते आणि तळ दिसेपर्यंत समोरून हलत नाही.