लिमलेटची गोळी

आमच्या चाळीतला, यंत्रमाग दुरुस्त करणारा लूमफिटर सुट्टीला भिवंडीच्या नाक्यांवर पथनाट्य करतो. नाटकात कामाचं आमिष दाखवून पोरी नेऊन विकणारा दलाल कायम तोच होतो. मंडळींनी गॉगल दिला तर चिडला. "दलाल असा येतो काय? आपल्यासारखाच दिसतो तो, गोड बोलतो." म्हणून घरच्याच शर्टात, रोजच्याच हसऱ्या तोंडाने उभा राहतो. बघताना मला शहारा येतो.

परवा जवळच्या कोन गावात प्रयोग संपल्यावर त्याने नेहमीसारखी माझ्या मुलीपुढे लिमलेटची गोळी धरली. त्याच्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर, पण तिने हात मागे नेले. "आधी आईला विचारते."

"अगं, आपलेच काका आहेत ना!" मी ओरडले.

"वरडू नका तिला, वहिनी," गोळी स्वतःच्याच तोंडात टाकत तो खुशीत म्हणाला, "नाटक जमला आज."