बाहेर उघडणारं दार

मोजमापाच्या कापडी टेपचा मेणचट वास आला की मला दिल्लीच्या करोल बागेतलं ते दीड खोलीचं घर आठवतं. नव्वदच्या दशकात तिथली जुनी घरं पाडून मजले चढत होते, आणि आम्ही आर्किटेक्चरचे विद्यार्थी ती पडायच्या आत मोजून घेत होतो. त्या घराचं दार बाहेर उघडायचं. मी वहीत ‘मिस्त्रीची चूक’ असं लिहून मोकळी झाले. घरमालकीण आजींनी माझा नकाशा निरखून विचारलं, "बेटा, इसमें हम सोते कहाँ हैं?" मग भिंतीला उभ्या केलेल्या चारही खाटा त्यांनी टाकून दाखवल्या. शेवटची थेट उंबरठ्याला टेकली. दार आत उघडलं असतं तर कुणा एकाला गल्लीत झोपावं लागलं असतं. मी ओशाळून ती ओळ खोडली. आज नोएडातले मोठाले फ्लॅट आखते, पण कागदावर पहिली रेघ आजींच्या खाटेचीच असते.