हातमोजा शिवून होईपर्यंत

शहाण्णव-सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या पार्सिपनी गावच्या आमच्या घरी मावशीचं आजारपण मी ऑफिसातल्या कामासारखं आखून घेतलं होतं. फ्रिजवर कागद: गोळ्या, डॉक्टरांच्या वेळा, नर्सचा फोन. सगळ्यांत खाली, 'कादंबरी'.

मावशीने नागपूरच्या कॉलेजात आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात बायकांनी लिहिलेल्या, तेव्हा घरोघर वाचल्या जाणाऱ्या प्रेमकथा तिच्या खास आवडीच्या. आता डोळे साथ देईनात, म्हणून लायब्ररीतून तशीच एक जाडजूड कादंबरी आणून मी तिला वाचून दाखवत होते. माझ्या मते त्यातला निम्मा मजकूर फालतू होता.

डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत. पुस्तक अर्धंही झालं नव्हतं. त्या दुपारी मी सरळ शेवटचं प्रकरण काढलं. लग्न लागलं, चर्चच्या घंटा वाजल्या. मावशी हसली.

"लग्न होणार हे पहिल्या पानावरच कळलं होतं गं. शेवट मला ठाऊक आहे. ती बाई तिथवर कशी नेते, ते ऐकायचंय. जा मागे."

मागे गेले. नायिका खिडकीशी बसून त्याचा उसवलेला हातमोजा शिवतेय, तो समोर उभा. कोणीच बोलत नाही. मी एक परिच्छेद गाळला.

"आत्ता तर सुईत दोरा ओवत होती, लगेच तोडला कसा? गाळलंस ना? अगं, मनातलं उघड बोलायची सोय नव्हती त्यांना. म्हणून लेखिकेने सगळं त्या टाक्यांत घातलंय. दोरा तुटला की त्याला जहाजावर निघावं लागणार."

शाळेतून आलेली माझी मुलगी दारातूनच ओरडली, "आजी, डिड दे किस येट?"

"कसलं किस! अजून हातमोजाच चाललाय."

मग मी काही न गाळता, सावकाश वाचू लागले. मावशी त्याच आठवड्यात गेली. नायकाचं जहाज अजून बंदराला लागायचं होतं.

मावशीसाठी आणलेला भाड्याचा पलंग परत गेला. फ्रिजवरचा कागद मी काढला. लायब्ररीत द्यायला पुस्तक पिशवीत घालताना मुलीने विचारलं, "सो, डिड दे गेट मॅरीड?"

'हो' म्हणून मोकळं होता आलं असतं. मी पुस्तक पुन्हा बाहेर काढलं, तिला मावशीच्या खुर्चीत बसवलं आणि हातमोज्याचं पान उघडलं.