अक्काचा उलटा पीळ

सकाळी सकाळी भाच्याचा फोन वाजला, तेव्हा याला आता काय हवंय, हाच विचार माझ्या डोक्यात आधी आला. "मामा, आई गेली," तो म्हणाला. मी विचारलं, "खात्री केलीस का?" आता लाज वाटते, पण आमच्या घराण्याचं पाणीच असं. समोरचा रडत असला तरी आम्ही आधी खातरजमा करणार. आणि खरं सांगतो, अक्का माझ्या जागी असती तर तिनेही हेच विचारलं असतं.

अक्का माझी थोरली बहीण. आम्ही मूळचे धुळ्याकडचे. ती लग्न होऊन रावेरकडे केळीच्या मुलखात आली आणि मी भुसावळला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात चिकटलो. भेटलो की दोघं अहिराणीतच बोलायचो. संशयी दोघंही, पण मला त्याचा पगार मिळायचा. ती आपली हौसेने करायची. दूधवाला, डॉक्टर, टीव्हीवर पाऊस सांगणारी बाई... कुणाचीही गय नव्हती. सुनेची तर नव्हतीच. कविता असोद्याची, गरीब स्वभावाची पोरगी, पण अक्काला वाटायचं, ही माझं काम शिकून मला कोपऱ्यात बसवणार. त्यामुळे गावातल्या बायकांना समोर बसवून शिकवलं, सुनेला मात्र नाही. सुनेने फक्त धागे धुवायचे आणि वाळवायचे.

हे काम म्हणजे केळीच्या खोडाच्या धाग्यांच्या थैल्या. घड कापून नेला की खोड बांधावर कुजत पडतं, त्यातून धागा काढायचा, पीळ द्यायचा आणि विणायचं. पुण्याची एक कंपनी त्या थैल्या घ्यायची. पर्यावरणपूरक, हातांनी बनवलेल्या, कारागिराला रास्त भाव... कंपनीचा माणूस हे इतक्या गोड आवाजात सांगायचा की अक्काने पहिल्याच भेटीत त्याला चहा दिला नाही. रास्त भाव म्हटल्यावर तिला रेशनचं दुकान आठवलं, आणि तिथल्या गव्हात खडे निघणार याची तिला खात्री होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, चांगला माणूस मी चांगला आहे असं सारखं सांगत नाही. तरी काम घेतलं, कारण हाताला चैन पडत नव्हती. अक्का डावखुरी. तिचा पीळ सगळ्यांच्या उलट जायचा. समोर बसून शिकलेल्या बायकांचा पीळ आरशात दिसावा तसा आपोआप सुलटा पडायचा, त्यामुळे ढिगातून तिची थैली मी डोळे झाकून, नुसतं बोट फिरवून काढून द्यायचो.

मग कंपनीने तिचा फोटो काढला. डोक्यावर पदर, तोंडावर हसू... ते हसू कुठून आणलं देव जाणे, घरात तर कुणी पाहिलं नव्हतं. तो फोटो प्रत्येक थैलीच्या चिठ्ठीवर छापला. खाली लिहिलं, 'ही थैली मी विणली'. थैली कुणीही विणलेली असो, फोटो अक्काचा. मी म्हणालो, बघ, तू मोठी झालीस. ती बराच वेळ चिठ्ठी उलटसुलट करत राहिली. "मी ऱ्हासु नही भाऊ, पन मना फोटो ऱ्हाई. मंग ती थैली कोनी करी, हाई लोकेस्ले कोन सांगी?" आपण नसू आणि फोटो राहील, ही कसली काळजी, म्हणून मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पण ते डोक्यातून काही गेलं नाही.

ती गेल्यावर महिनाभराने जळगावला एका प्रदर्शनात गेलो, तर ढीगभर थैल्या आणि प्रत्येकीवर अक्का हसतेय. बघा, म्हटलं, मेलेल्या बाईला कामाला जुंपलंय! एकेक थैली उचलून बोट फिरवत गेलो. सुलटा, सुलटा, सुलटा... आणि एक उलटा. म्हटलं, जुना माल असेल. नाकाशी धरली तर कोऱ्या धाग्याचा हिरवट वास. विक्रेत्या पोरीला विचारलं, तर म्हणाली, हा माल परवाच आला. अक्का जाऊन तर महिना झाला होता. पैसे देऊन ती थैली घेतली.

दुसऱ्या दिवशी रावेरची गाडी पकडून तडक अक्काच्या घरी. पडवीत कविता विणत बसलेली. थैली तिच्यापुढे टाकली आणि विचारलं, "ही कुणाची?"

"माझी," ती खाली बघून म्हणाली. "आई विणायला बसल्या की माझ्याकडे पाठ करायच्या. मग मी मागूनच बघायचे, मामा. त्यांचा हात जसा फिरायचा तसाच माझा फिरायला लागला."

ज्या पोरीला कळू नये म्हणून अक्काने आयुष्यभर पाठ फिरवली, तिच्याच हातात अक्काचा हात उतरला होता. रडू आलं, आणि त्यातही अक्काचा राग आला. म्हणालो, कंपनीशी मी भांडतो, फोटो बदलायला लावतो, तुझा छापायला लावतो.

"मी कळवलंय त्यांना," ती म्हणाली. "आईंचा काढा. आणि ज्या बाईने विणली तिचं नुसतं नाव लिहा. फोटो कुणाचाच नको. फोटो दिला की माणूस मेल्यावरही सुटत नाही."

ते ऐकतील का, मी विचारलं. तिला भरवसा नव्हता. म्हणून तिने आणि बाकीच्या बायकांनी पुढचा माल घरातच ठेवला होता, नवी चिठ्ठी येईपर्यंत एकही थैली द्यायची नाही. कोपऱ्यात ढीग रचलेला दिसत होता. मला फार बरं वाटलं.

मग ती पुन्हा विणायला लागली. काठाची गाठ कशी बसते ते बघावं म्हणून मी जरा पुढे सरकलो, तर कविताने नकळत माझ्याकडे पाठ केली.