डावीकडची खुर्ची

दूध वर येत होतं, मुलीचा एक मोजा सापडत नव्हता आणि आमचे हे तोंडाला दाढीचा साबण फासून "माझं ओळखपत्र कुठे ठेवलंस?" असं विचारत घरभर फिरत होते. तेवढ्यात दारावर टकटक झाली. घंटा असून दार वाजवणारा माणूस आमच्या मजल्यावर एकच, समोरचे पायलट. सकाळी आठ वाजता एखादं माणूस नुकतंच पाठ टेकून झोपलेलं असू शकतं, हे ज्याला स्वतःवरून कळलेलं असतं तो घंटा वाजवत नाही.

"वहिनी, एक खुर्ची मिळेल का? तुमच्या जेवणाच्या टेबलाची. आमच्या दोन्ही वेगवेगळ्या उंचीच्या आहेत."

"घ्या की. कोणी येणार आहे का?"

"नाही." ते जरा घुटमळले. "घरातली सगळी बाहेर पडली की अर्धा तास तुम्हीही आलात तर बरं होईल."

आमचे हे साबणासकट बाहेर डोकावले. "हिला ठेवून घेतलंत तरी चालेल, खुर्ची तेवढी आठवणीने परत द्या."

घर रिकामं झाल्यावर मी गेले. त्यांची बायको औषधांच्या दुकानात कामाला असते, ती आठालाच बाहेर पडते. मुलगा शाळेत. पुढच्या खोलीतलं टेबल सरकवून भिंतीवर एक भलामोठा कागद चिकटवला होता. त्यावर विमानाच्या पुढच्या खोलीचं चित्र, नुसती बटणं आणि घड्याळं. समोर दोन खुर्च्या, एक त्यांची आणि एक आमची. मधे उलटी ठेवलेली बादली आणि तिला चिकटपट्टीने बांधलेले दोन लाकडी चमचे.

"हे काय?"

"इंजिनचे दांडे. पुढे ढकलले की जोर वाढतो, मागे ओढले की कमी होतो."

"आणि मी काय करायचं?"

"तुम्ही उजवीकडे बसायचं. माझ्या जागी."

आणि स्वतः डावीकडच्या खुर्चीत बसले. बसले म्हणजे दुसऱ्याच्या घरी बसावं तसे, टोकावर.

इथे थोडं मागे जायला हवं. आमच्या इमारतीत ते राहायला आल्यापासून सगळे त्यांना 'कॅप्टन' म्हणतात. पायलट म्हणजे कॅप्टन, अशीच आपली समजूत. मलाही पहिली तीन वर्षं तसंच वाटत होतं. विमानात पुढे दोघं बसतात, डावीकडे कॅप्टन आणि उजवीकडे सहवैमानिक. उडवतात दोघंही, आळीपाळीने. पण काही बिनसलं तर काय करायचं ते ठरवतो डावीकडचा. खांद्यावर चार पट्ट्या त्याच्या. समोरच्यांच्या खांद्यावर तीन. आम्ही कोणी कधी मोजल्याच नव्हत्या.

पगाराचंही तसंच. नळ दुरुस्त करणारा आमच्याकडे एक भाव सांगतो आणि समोर दुसरा. "विमानवाले आहेत, त्यांना काय!" एकदा जिन्यात त्यांच्या बायकोने मला सगळा हिशेब उलगडून सांगितला. सहवैमानिकाला कॅप्टनच्या जेमतेम चाळीस टक्के मिळतात. तेही ठरीव नाहीत. थोडा भाग कायमचा, बाकी तासांवर. आणि तास कुठले? विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, पुन्हा जागेवर उभं राहिलं की बंद. त्याआधीची दोन तासांची तयारी, धुक्यात अडकून विमानतळावर काढलेले पाच तास, परगावच्या हॉटेलात एकट्याने झोपलेली रात्र, यातलं काही धरत नाहीत.

"म्हणजे स्वयंपाकात फक्त वाढायचा वेळ मोजायचा," मी म्हणाले.

"अगदी तस्सं! आणि आजारी पडलात तर वाढणंही बंद."

दर सहा महिन्यांनी डॉक्टर त्यांचे डोळे, कान, हृदय तपासतो. त्या आठवड्यात त्यांच्या घरात कोणी चढ्या आवाजात बोलत नाही, रक्तदाब वाढेल म्हणून.

त्यांचे वडील शिंपी होते. मुलाने विमान चालवायचं म्हटल्यावर दुकानावरचं घर विकून त्यांनी शिक्षण केलं आणि स्वतः दुकानामागच्या खोलीत राहिले. मुलगा चोविसाव्या वर्षी एका कंपनीत लागला. या धंद्यात प्रत्येक कंपनीची एक यादी असते. ज्या तारखेला तुम्ही लागलात त्या तारखेवर तुमचा क्रमांक ठरतो. रजा, वेळापत्रक, मोठं विमान, डावीकडची खुर्ची, सगळं त्या क्रमांकाने. मला ते एकत्र कुटुंबातल्या जावांसारखं वाटलं. कामाला कोण चांगली ते विचारायचं नाही, घरात आधी कोण आली एवढंच बघायचं. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "फरक एवढाच की माणूस घर बदलून गेला, तर पुन्हा सगळ्यांत धाकटी सून."

आणि नेमकं तेच त्यांच्या वाट्याला आलं. तेहतिसाव्या वर्षी यादीत क्रमांक वर आला तेव्हा कंपनीने विचारलं, पंख्याच्या छोट्या विमानावर कॅप्टन होता का? त्यांनी नाही म्हटलं. मोठ्या जेट विमानावर ते सहवैमानिक होते. छोट्यावर कॅप्टन होऊन मिळणारा पगार त्यापेक्षा थोडा कमीच होता, आणि मित्र म्हणाले, मोठ्यावरून खाली कशाला उतरतोस, वर्षभरात जेटवरच नंबर लागेल. सहा जणांनी नकार दिला. ज्याला ते सगळे हसत होते तो सातवा तेवढा गेला.

आठ महिन्यांत कंपनी बंद पडली. सातव्याच्या नावावर कॅप्टन म्हणून उडवलेले चारशे तास होते, त्याला दुसऱ्या कंपनीने उचलून डावीकडे बसवलं. समोरच्यांच्या नावावर पाच हजार तास, पण सगळे उजवीकडचे. या बाजारात ते नाणं तितकंसं चालत नाही. दीड वर्ष ते घरी होते. मुलाला शाळेत सोडायचे, वडिलांच्या दुकानात काज करायला बसायचे. मग दुसऱ्या कंपनीत लागले, यादीच्या तळाला, चोवीस वर्षांच्या मुलांबरोबर.

"गणवेशाची मापं द्यायला रांगेत उभा होतो," ते सांगत होते, "तर मागचा मुलगा म्हणाला, सर, तुम्ही शिकवायला आलात ना?"

"मग काय म्हणालात?"

"म्हटलं, हो. रांगेत कसं उभं राहायचं ते."

त्यातलाच एक आता कधीकधी त्यांच्या डावीकडे असतो. यादीत यांच्याही खाली होता, पण कंपनीने नवीन गावात तळ उघडला तेव्हा बिऱ्हाड हलवायला तयार झाला, म्हणून लवकर कॅप्टन झाला. तो अजून 'सर' म्हणतो. त्यांना ते नको असतं.

एक्केचाळिसाव्या वर्षी त्यांचा क्रमांक आला. परीक्षा खऱ्या विमानात होत नाही. खोलीएवढा यंत्राचा डबा असतो, तो हलतो, गडगडतो, खिडकीत धावपट्टी दिसते. त्यात परीक्षक मागे बसून एकेक संकट सोडतो. विमान धावपट्टीवर वेगात असताना त्याने एका इंजिनला आग लावली. थांबायचं की उडायचं, हे कॅप्टनने तिथल्या तिथे ठरवून मोठ्याने सांगायचं असतं.

"मला उत्तर येत होतं," ते म्हणाले. "थांबायचं. पण मी आधी डावीकडे बघितलं."

"का?"

"सतरा वर्षं तिकडेच बघत होतो. डावीकडचा काय म्हणतो ते ऐकायला." त्यांनी बादलीवरचा चमचा सरळ केला. "डावीकडे खिडकी होती."

तोवर विमान थांबण्याच्या पलीकडे गेलं. परीक्षकाने कागदावर एक ओळ लिहिली आणि दिवे लावले.

त्यांच्या कंपनीत अशी संधी दोनदाच मिळते. दुसऱ्यांदा हुकलं की यादीत कितीही वर असा, निवृत्तीपर्यंत उजवीकडे. त्यांना अजून बावीस वर्षं आहेत. दुसरी परीक्षा पुढच्या आठवड्यात शुक्रवारी होती, परगावी. म्हणून खुर्ची.

माझं काम सोपं होतं. त्यांनी पत्त्यांसारखे कागद कापून त्यावर एकेक संकट लिहिलं होतं. मी ते पिसायचे आणि ते धावपट्टीवरून निघाले, म्हणजे चमचे पुढे ढकलले, की मनाला येईल तेव्हा एक वाचायचा. त्यांनी भिंतीकडेच बघत निर्णय सांगायचा आणि हात हलवायचे. हातही उलटे झाले होते. इतकी वर्षं दांडे डाव्या हाताला होते, आता उजव्या.

पहिल्या दिवशी मी लाजत वाचत होते. "जोरात वाचा," ते म्हणाले, "आग लागलीय, भाजीची यादी नाही." तिसऱ्या दिवशी मला चांगलाच जोर आला. मी "इंजिनला आग!" असं ओरडले आणि खालच्या मजल्यावरच्या आजी काठी टेकत वर आल्या. कागदाचं विमान बघून म्हणाल्या, "माझं गुडघ्याचं नसतं तर मीही बसले असते मागे. चहा देतात का यात?"

त्या दिवसापर्यंत त्यांची नजर दर दोन-तीन वेळेला डावीकडे जायची. मी ते रोज टिपून ठेवत होते, त्यांनीच सांगितलं होतं. पहिल्या दिवशी दहापैकी पाच वेळा. तिसऱ्या दिवशी तीन. पाचव्या दिवशी मी कागद वाचला आणि त्यांचं डोकं पुन्हा तिकडे वळलं.

"भाऊजी, तिकडे बाल्कनी आहे."

ते हसले. मग उठून पाणी प्यायले आणि पुन्हा बसले. या वेळी खुर्चीला पाठ टेकून.

बुधवारी दहापैकी एकदाही नाही. पण मी त्याचं कौतुक केलं नाही. पाठीमागून आगीचा वास येत नसताना, लाकडी चमचे धरून, शेजारच्या बाईने वाचलेलं ऐकायचं वेगळं आणि तिथलं वेगळं, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

गुरुवारी सकाळी पुन्हा टकटक झाली. ते खुर्ची परत द्यायला आले होते, ओल्या फडक्याने पुसून आणलेली. इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर तीन पट्ट्या, मागे चाकांची बॅग. त्या बॅगेचं एक चाक खडखडतं. चार वर्षांत मला तो आवाज इतका ओळखीचा झालाय की ते जिन्यापाशी आले की मी दार उघडतेच. "आलात का?" "आलो." एवढंच असतं ते. मागच्या परीक्षेहून आले तेव्हाही मी असंच दार उघडलं होतं. फक्त तेव्हा मजल्यावरचे सगळेच दारात होते. हे आता चार पट्ट्यांचे कॅप्टन होऊनच येणार, असं त्यांच्या बायकोने आनंदाच्या भरात आधीच सांगून टाकलं होतं. मी फुलं आणली होती. मुलांनी सोनेरी कागदाच्या चार पट्ट्या कापून ठेवल्या होत्या आणि ते वर येताच स्टुलावर चढून त्यांच्या खांद्यावर चिकटवल्या. त्यांनी फुलं घेतली, मुलांना वाकून खांदा दिला, सगळ्यांचे आभार मानले आणि आत गेले. खरं काय ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. शर्टावरचा गोंद धुऊनही निघाला नाही, असं त्यांची बायको नंतर म्हणाली.

या वेळी तिने कोणाला सांगितलं नव्हतं. मीही नाही.

"खुर्ची राहू द्या की तुमच्याकडे," मी म्हणाले.

"नको. आता गरज लागली तरी उपयोग नाही."

त्यांनी बॅगेचा दांडा वर ओढला, जिन्याकडे दोन पावलं गेले आणि थांबले. ते खडखडणारं चाकही थांबलं.

"वहिनी, एक सांगायचं होतं."

"सांगा ना."

"उद्या संध्याकाळी माझ्या बॅगेचा आवाज येईल. उद्याच्या दिवस दार उघडू नका."