नववं मत

इडलिन मीड आमच्या लुकआउट गावची. सरकारी कचेऱ्या असलेल्या ब्रेड्सपर्यंत मिनीबस चालवायची. मॉन्टसेराट म्हणजे कॅरिबियन समुद्रातलं, अजून ब्रिटनच्या ताब्यातलं आमचं बेट; त्याचं निम्मं राजकारण तिच्या बसमध्येच व्हायचं. बेट एवढंसं, की गाडी बिघडली तर मंत्रीसुद्धा तिच्या शेजारी येऊन बसायचे.

तिचं मागणं एकच होतं, लुकआउटच्या थांब्याला छप्पर. म्हातारी माणसं तिथं उन्हात ताटकळायची. मंत्र्याला विचारलं तर तो म्हणायचा, "पैसा लंडनचा, गव्हर्नरना विचार." गव्हर्नर बाजारात भेटले, तर ते हसून म्हणाले, "हा मंत्रिमंडळाचा विषय." या टोलवाटोलवीत लंडनहून आलेले दोन गव्हर्नर परत गेले, तिसरे आले. तेव्हा मात्र इडलिननं अपक्ष म्हणून अर्ज भरला.

दीर जोसाया सत्ताधारी पक्षाकडून उभा होता. तो तरातरा घरी आला.

"वहिनी, घरचीच मतं फोडताय?"

"तुमचं एकही मत मागत नाही, भावजी. बसा, रस्सा घ्या."

बकऱ्याच्या रश्श्याला तो नाही म्हणू शकला नाही.

आमच्याकडे सगळं बेट मिळून एकच मतदारसंघ. नऊ जागा, आणि प्रत्येकाला नऊ नावांपुढे खूण करता येते. इडलिन बसमध्ये सांगायची, "आठ मतं तुमच्या काका-मामांना द्या. नववं तेवढं माझ्यासाठी ठेवा."

"नववी खूण मी दरवेळी डोळे मिटूनच करते," तिच्या रोजच्या प्रवासी टुइटमावशी म्हणाल्या. "या खेपेला उघडे ठेवीन."

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर निकाल लागला. इडलिन तिसरी आली. जोसाया जेमतेम नववा.

"लोकांनी तुम्हाला नववं मत दिलं," तो तोंड पाडून म्हणाला, "आणि नववा केलं मला."

तरी त्याचा पक्ष जिंकला आणि रस्त्यांचं खातं त्याच्याकडे आलं. इडलिन विरोधी बाकावर. चर्चला जातानाची पांढरी टोपी घालून ती पहिल्याच बैठकीत उभी राहिली आणि छपराचं विचारलं. जोसायानं अर्थसचिवांकडे बोट दाखवलं. ते निवडून आलेले नसतात, नेमलेले असतात, पण सभागृहात बसतात. ते शांतपणे म्हणाले, "मंत्र्यांकडून प्रस्तावच आलेला नाही."

"भावजी," इडलिन म्हणाली, "रविवारी जेवायला यायचंय ना?"

गॅलरीत तिचे प्रवासी खच्चून भरले होते. हशा पिकला. अध्यक्षांनी दटावलं, "सभागृहात नाती आणू नका."

"मग अध्यक्ष महोदय, सभागृह रिकामंच करावं लागेल."

अध्यक्ष तिच्या आईचे मावसभाऊ. त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

पुढच्याच आठवड्यात जोसायानं प्रस्ताव पाठवला. छप्पर झालं. जरा आखूड झालं, कडेला बसणाऱ्याचे गुडघे उन्हातच राहतात. पण पहिल्या दिवशी टुइटमावशी मुद्दाम दोन बस सोडून तिथं बसून राहिल्या.

बैठक नसेल त्या दिवशी इडलिन अजून बस चालवते. लोक पायरीवरूनच पाण्याचं, दिव्यांचं गाऱ्हाणं सुरू करतात.

"सांगा, सगळं सांगा," ती म्हणते. "आधी दार लावा."