जयाचा स्विच

करंजीचा घाट मागं टाकून आम्ही तिसगावच्या रस्त्याला लागलो होतो. नवरात्राची पाचवी माळ. मोहट्याच्या देवीला अनवाणी चालत जायचं हे माझं सहावं वर्ष, जयाचं पहिलं. घाटात तिच्या टाचेत खडा घुसला तेव्हा ती काही बोलली नाही. बोलली ती आता, आणि भलतंच.

"वहिनी, चारा कापताना कुट्टीत अडकला की काय करता?"

"काढते."

"कशानं?"

"हातानं. आनखी कशानं काढायचा?"

"मशीन चालू असताना?"

"मी काय येडी हाय का? थांबल्यावर."

ती माझ्या हाताकडं बघत चालली.

जया माझी चुलत नणंद. घर शेजारीच, मध्ये एक शेवग्याचं झाड. संगमनेरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि आता नगरच्या एमआयडीसीत एका लहान कारखान्यात सर्किट बोर्डाचं काम करते. गावातले लोक तिच्याकडे मिक्सर आणतात, चार्जर आणतात. "हे माझं काम न्हाई," असं म्हणत ती सगळं दुरुस्त करते. मागच्या वर्षी पाहुणे बघायला आले होते. मुलाच्या मामांनी विचारलं, काम काय करतेस? ही म्हणाली, सध्या स्विच निवडतेय. मामा म्हणाले, निवडायला किती दिवस लागतात? ही म्हणाली, चार महिने झाले. पाहुण्यांनी पोहे खाल्ले आणि गेले.

हा स्विच भिंतीवरचा नाही. नखाएवढी काळी चिप असते. मोटरला वीज देते, तोडते, आणि मोटर अडकून जास्त वीज ओढायला लागली की स्वतःच बंद होते. कारखान्यात बॅटरीवरची लहान कडबा कुट्टी बनतेय, शेळ्यांपुरती. तिच्यासाठी हा स्विच.

पहिली निवड झाली होती. बॅटरीकडून येणारी वीज मोटरच्या अलीकडं तोडायची की मोटरमधून गेल्यावर पलीकडं. पलीकडं तोडणारा स्वस्त पडतो, पण मग मोटरपर्यंत वीज आलेलीच राहते. पलीकडची वायर सोलून मशीनच्या लोखंडाला, म्हणजे बॅटरीच्या परतीच्या वाटेला, टेकली, की बटण न दाबता कुट्टी चालू. जयानं मालकांना, सहादेव साहेबांना, एवढंच विचारलं की गोठ्यात उंदीर असतात का. साहेब शेतकऱ्याच्या घरचे. अलीकडं तोडणारा ठरला.

दुसरीवर गाडी अडली होती. एका जातीचा स्विच बंद झाला की बंदच राहतो, माणसानं बटण दाबेपर्यंत. दुसऱ्या जातीचा दोन सेकंद थांबतो आणि आपणच पुन्हा चालू होऊन बघतो.

दोन्ही जातींची एकेक मशीन गावात वापरून बघायला दिली होती. बंद राहणारी आसाराम भाऊजींकडं. त्यांनी चौथ्या दिवशी निरोप धाडला, मशीन खराब हाय, सारखं बटण दाबावं लागतं. आपोआपवाली कडूबाईंकडं. त्या म्हणाल्या, लई गुणी मशीन हाय, स्वतःच उठती.

त्यांचं तरी काय चुकलं? आमच्याकडं विहिरीवरचा पंप ऑटोवर टाकलेला असतो. लाईट येईल तेव्हा तो चालू होतो, माणूस घरी झोपलेला असतो. आपोआप चालू होतं ते चांगलं, असंच आम्ही धरून चालतो.

"सोमवारी साहेब आपोआपवाला पक्का करणार," जया म्हणाली. "तीनशे मशीन जायच्यात."

मी माझ्या उजव्या हाताकडं बघितलं. मशीन थांबली की माझा हात आत जातो, मला न विचारता जातो. दोन सेकंदांत बोटं पात्यापाशी पोचलेली असतात.

"साहेबांला सांगितलं न्हाईस का?"

"सांगितलं. ते म्हणाले, हात घालू नये असं स्टिकर लावू. तुमच्या कुट्टीवर काय लिहिलंय?"

मला सांगता येईना. स्टिकर आहे एवढं ठाऊक होतं. दर खंडेनवमीला मी कुट्टीची पूजा करते, आणि हळदीकुंकू त्या स्टिकरवरच लावते, कारण तेवढीच जागा सपाट आहे. सात वर्षांचं कुंकू आहे त्यावर. देवीच्या वाटेवर खोटं कशाला बोलू, म्हणून तेही सांगितलं.

जया हसली नाही. पदर सारखा केला आणि चालता चालता म्हणाली, "वहिनी, सोमवारी कारखान्यात याल का? मी कुट्टीत चारा अडकवून ठेवते. बॅटरी काढून माझ्या हातात धरते, भ्यायचं कारन न्हाई. साहेबांच्या हातात घड्याळ देते, दोन सेकंद मोजायला. मी 'थांबली' म्हनलं की तुमी फक्त रोज काढता तसा चारा काढा. अन् इचार करून हात घालू नका, रोजच्यासारखा घाला."